उल्लेखांची खतावणी आणि डॉ. शंभुनाथ डे

'नेचर' ह्या विलायती साप्ताहिकाच्या ३० मे १९५९ च्या अंकांत पृष्ठ १५३३ वर एक लहानसें टिपण आहे. तें पुढच्याच पानावर संपतें. लेखकाचें नांव एकच, एस्. एन्. डे, ठिकाण कलकत्ता. पटकीचे जंतू ज्या द्रवांत वाढविले तो द्रव गाळून त्यांतील यच्चयावत् जंतू काढून टाकले, आणि उरलेलें निर्जंतुक पाणी सशाच्या आंतड्याच्या बांधून घेतलेल्या तुकड्यांत सोडलें, तर तो तुकडा पाण्यानें तटतटून फुगतो, एवढीच हकीकत त्यांत सांगितलेली आहे. परंतु तिचा अर्थ असा कीं, पटकीच्या रोग्याच्या अंगांतील पाणी उपसून बाहेर काढणारा खरा वैरी जंतू स्वतः नसून त्यानें आपल्या देहाबाहेर टाकलेलें विष हा होय. आणि त्या विषाचें कार्यक्षेत्र रक्त नव्हे, आंतड्याचें अस्तर होय. रॉबर्ट कॉख ह्या जर्मन पंडितानें १८८४ सालीं ह्याच कलकत्त्यांत पटकीच्या जंतूचा शोध पुरा केला, तेव्हां असें एखादें विष असावें असा तर्क त्यानेंही बांधला होता. तर्काचें प्रमाण व्हावयास पंचाहत्तर वर्षें लागलीं.

ह्या दोन पानांचें मोल किती? पूर्वीं असा प्रश्न कोणी केला असता तर जाणत्या माणसानें आपलें मत सांगितलें असतें आणि ऐकणाऱ्यानें तें त्या माणसाच्या योग्यतेप्रमाणें घेतलें असतें. आतां ह्या प्रश्नाचें उत्तर आंकड्यानें देण्याची वहिवाट पडली आहे. मागून आलेल्या किती लेखकांनीं ह्या लेखाचा उल्लेख केला, तो मोजावयाचा. लेखकानें कोणाकोणाबरोबर काम केलें, तें मोजावयाचें. आणि त्या बेरजेस त्याची किंमत म्हणावयाचें. नेमणुका, बढत्या, संशोधनाचीं अनुदानें हीं सर्व आज थोड्याबहुत अंशीं ह्या बेरजेवर ठरतात. तेव्हां ही गणना कोठून आली आणि एका माणसाच्या बाबतींत ती किती खरी ठरली, हें पाहाणें अप्रस्तुत होणार नाहीं. त्यासाठीं डॉ. शंभुनाथ डे ह्यांच्यासारखें दुसरें उदाहरण मिळणें कठीण. कारण ज्या गृहस्थानें ही गणना जगास शिकविली त्यानेंच स्वतः डे ह्यांचा हिशेब मांडून ठेवला आहे.

डे ह्यांचा जन्म १९१५ सालीं हुगळी जिल्ह्यांतील एका खेड्यांत झाला. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांतून ते १९३९ मध्यें पदवीधर झाले, १९४७ सालीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय विद्यालयांत रॉय कॅमेरन ह्यांच्या हाताखालीं गेले आणि १९४९ मध्यें पीएच्. डी. होऊन परत आले. तेथें त्यांचा विषय पटकी नव्हता. फुप्फुसांत पाणी कां भरतें, हा होता. आणि १९४९ सालीं कॅमेरन व डे ह्या दोघांच्या नांवानें त्यावर लेखही प्रसिद्ध झाला. ह्या गोष्टीस मी बरेंच महत्त्व देतों. रक्तांतलें पाणी एका पातळ पडद्यापलीकडे कसें व कोणत्या जुलुमानें जातें, हा प्रश्न मनांत मुरवून जो मनुष्य कलकत्त्यास परतला, त्याला पटकीचा रोगी पाहतांच इतरांहून निराळें कांहीं दिसावें हें साहजिकच होतें. त्याचे समव्यवसायी रोग्याच्या रक्तांत विष शोधीत होते. तो पाणी कोणत्या वाटेनें गेलें हें शोधूं लागला.

त्या काळीं प्रतिष्ठित मत असें होतें कीं, पटकीचें विष जंतूच्या देहांतच बद्ध असतें आणि जंतू मरून विरघळला म्हणजे मोकळें होतें. कॉखचा शिष्य रिचर्ड फायफर ह्यानें गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत, म्हणजे १८९० नंतरच्या दोनचार वर्षांत, हें मत गिनीपिगांवरील प्रयोगांतून मांडलें. गिनीपिगाच्या पोटाच्या पोकळींत जंतू टोंचले कीं तो मरे. पण त्याला जुलाब होत नसत, तांदुळाच्या धुवणासारखें पाणी पडत नसे, तो सुकून जात नसे. तो मरे, एवढेंच. पटकीनें मात्र तो मरत नसे! तरीही दोन पिढ्या त्याच प्रयोगावर विसंबून राहिल्या. डे ह्यांनीं १९५३ सालीं डी. एन्. चॅटर्जी ह्यांच्या सहाय्यानें एक साधी युक्ति केली. पुऱ्या वाढीच्या सशाचें पोट उघडून लहान आंतड्याचा चारपांच इंचांचा भाग दोन्ही टोकांस दोऱ्यानें बांधला, त्यांत जंतूंचा द्रव सोडला, पोट पुन्हां शिवलें आणि दुसऱ्या दिवशीं तें उघडून पाहिलें. बांधलेला भाग पाण्यानें फुगलेला होता. शेजारीं साधा द्रव घालून बांधलेला तुकडा जसाच्या तसा होता. दोरा, सुई, ससा आणि एक दिवसाची वाट पाहण्याची तयारी, एवढ्या भांडवलावर हा प्रयोग होतो. ह्याच बांधलेल्या आंतड्यांत सहा वर्षांनीं त्यांनीं जंतूंऐवजीं गाळलेलें पाणी घातलें, आणि सुरुवातीस सांगितलेलें टिपण लिहिलें.

ह्या कथेंत मुंबईचाही वांटा आहे, आणि तो आपणांस ठाऊक असावा. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसांत जी हाफकिन संस्था आहे तेथें एन्. के. दत्त आणि हब्बू ह्यांनीं १९५५ सालीं सशांच्या दहाबारा दिवसांच्या पिलांत पटकी उत्पन्न करण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढें १९५९ सालींच दत्त, पानसे व कुलकर्णी ह्या तिघांनीं पटकीच्या जंतूंपासून काढलेल्या निर्जंतुक अर्कानें त्या पिलांस जुलाब होऊन तीं दगावतात असें एका अमेरिकन मासिकांत दाखविलें. कलकत्ता व मुंबई, एक बांधलेलें आंतडें व एक सशाचें पिलूं, आणि निष्कर्ष एकच. ज्या मुलखांत गांवच्या वेशीबाहेर मरीआईचें ठाणें असे, पंढरीच्या यात्रेबरोबर पटकीची साथ वाटेवरच्या गांवांतून पसरे, त्याच मुलखांतल्या पानसे-कुलकर्ण्यांनीं त्या साथीच्या विषावर हात ठेवला, ह्याची वार्ता आमच्या पाठ्यपुस्तकांत मला तरी कोठें आढळली नाहीं.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९६९ सालीं अमेरिकेंत डॅलस येथें फिंकलस्टाइन व लोस्पालुटो ह्यांनीं तें विष शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. पेशीच्या आंत तें काय करतें, हें दुसऱ्यांनीं पुढील दहा वर्षांत उलगडलें. आंतड्याचें अस्तर कुजत नाहीं, शाबूत राहतें आणि साखर-मीठ घातलेलें पाणी शोषूं शकतें, हें एकदां कळल्यावर तोंडावाटे पाणी पाजून रोगी वांचविण्याच्या उपायास शास्त्राचा आधार मिळाला. १९७१ सालीं बांगला देशांतून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत, बनगांव येथें, दिलीप महालनबिस ह्यांनीं तो मोठ्या प्रमाणावर सिद्ध करून दाखविला. डे ह्यांनीं विष शुद्ध करण्याचे प्रयत्न केले. परंतु त्यास लागणारी साधनसामग्री त्यांच्यापाशीं नव्हती. ते १९७३ सालीं निवृत्त झाले. १९७८ मध्यें स्वीडनांत नोबेल प्रतिष्ठानातर्फे पटकीवर परिषद भरली तेव्हां त्यांस बोलावणें आलें. हिंदुस्थानांतील एकाही विज्ञान-अकादमीनें त्यांस आपलें सदस्य करून घेतलें नाहीं. १५ एप्रिल १९८५ रोजीं ते वारले.

आतां हिशेबाकडे वळूं. पेढीच्या हिशेबांत रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असतात. रोजकीर्दींत त्या त्या दिवसाचा सगळा व्यवहार क्रमानें लिहितात. खतावणींत तोच व्यवहार ज्याचा त्याच्या नांवाच्या पानावर पुन्हां मांडतात. शास्त्रीय लेखाच्या शेवटीं आधारग्रंथांची जी यादी असते ती त्या लेखकाची रोजकीर्द होय. आपण कोणाकोणाकडून घेतलें, तें तींत असतें. पण मूळ सावकाराकडे जाऊन, 'तुझें देणें किती जणांस लागतें?' असें विचारावयाचें असेल तर सगळ्या रोजकीर्दी गोळा करून त्यांची खतावणी घालावी लागते. ही खतावणी प्रथम वकिलांनीं केली. इलिनॉय संस्थानांत फ्रँक शेपर्ड नांवाच्या मनुष्यानें १८७३ सालापासून, अमुक निकालाचा पुढें कोणत्या निकालांत आधार घेतला किंवा तो कोठें फिरविला, ह्याच्या याद्या विकावयास काढल्या. वकिलाला ती गरजच होती. फिरविलेल्या निकालावर उभा राहिला तर अशील बुडे. पुढें १९२७ सालीं ग्रॉस व ग्रॉस ह्या दोघांनीं अमेरिकन रसायन मासिकाच्या एका वर्षाच्या अंकांतील सर्व उल्लेख मोजून, लहान कॉलेजच्या ग्रंथालयानें कोणतीं नियतकालिकें विकत घ्यावीं, हें ठरविण्याची रीत सुचविली. हेतु तेवढाच होता. माणसांचें मोल ठरविण्याचें कोणाच्या मनांतही नव्हतें.

ह्या दोन्ही धाग्यांची गांठ यूजीन गारफील्ड ह्यानें मारली. १९५५ सालीं त्यानें 'सायन्स' ह्या साप्ताहिकांत विज्ञानासाठीं शेपर्डसारखीच उल्लेखसूची असावी असें प्रतिपादन केलें. शेपर्डच्या पेढीवरील एका जुन्या अधिकाऱ्यानेंच त्याचें लक्ष तिकडे वेधलें होतें. त्यानें फिलाडेल्फियास आपली संस्था काढली आणि १९६३ सालीं पहिली मोठी सूची बाहेर पडली. तींत १९६१ सालच्या ६१३ नियतकालिकांतील सुमारें चवदा लाख उल्लेखांची खतावणी होती. गारफील्डचा आग्रह असा कीं, शब्दांची सूची फसवी असते, उल्लेखांची नसते. एकानें 'विष' म्हटलें, दुसऱ्यानें 'जंतुस्राव' म्हटलें, तरी दोघांनीं डे ह्यांचें नांव लिहिलें असेल तर दोघे एकाच पानावर भेटतात. वाचकाला मागून पुढें, बापाकडून नातवाकडे जातां यावें, हा तिचा खरा उपयोग; आणि तो उपयोग मला आजही निर्विवाद वाटतो. मोजणी ही मागाहून आलेली उपपत्ति होय. वही तयार आहे म्हटल्यावर बेरीज करण्याचा मोह कोणाला आवरतो?

१९८६ सालीं, म्हणजे डे ह्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरानें, ह्याच गारफील्डनें आपल्या 'करंट कंटेंट्स' ह्या साप्ताहिकांत पटकीच्या संशोधनाचा नकाशा काढला आणि त्या निबंधाच्या मथळ्यांतच कलकत्त्याच्या शंभुनाथ डे ह्यांचें नांव घातलें. नकाशा काढण्याची युक्ति अशी. कोणतेही दोन जुने लेख पुढच्या लेखकांनीं किती वेळां एकत्र उल्लेखिले, तें मोजावयाचें. जे वारंवार एकत्र येतात ते एका कुळांतले. ही रीत त्याच्याच संस्थेंतील हेन्री स्मॉल ह्यानें १९७३ मध्यें मांडली होती. अशा रीतीनें पाहतां, १९५९ चें तें टिपण प्रथम फारसें कोणाच्या दृष्टीस पडलें नसलें तरी पुढें पटकीच्या इतिहासांतील मैलाचा दगड ठरलें, असा निर्वाळा त्यानें दिला. आक्सफर्डचे व्हॅन हेनिंगेन आणि सील ह्यांनीं १९८३ च्या आपल्या पुस्तकांत डे ह्यांना त्यांचें स्थान आधींच दिलें होतें, आणि नोबेल पारितोषिकाचे मानकरी जोशुआ लेडरबर्ग ह्यांनीं तर त्याच पारितोषिकासाठीं डे ह्यांचें नांव एकाहून अधिक वेळां सुचविलें होतें. म्हणजे जाणत्यांच्या मतानें जें सांगितलें होतें तेंच आंकड्यानें सांगितलें. पण एक भेद राहतो. लेडरबर्गनें कानांत सांगितलें. गारफील्डनें वही उघडून दाखविली. ज्या देशांत मोठ्यांच्या शिफारशीवांचून पान हालत नाहीं, तेथें वहीचा हा निर्लेपपणा लहान माणसाच्या बाजूचा आहे, हें मान्य केलें पाहिजे. डे ह्यांच्या मागें कोणतेंही वजन नव्हतें. वहीनें तें विचारलेंही नाहीं. १९९० सालीं बंगळूरच्या 'करंट सायन्स'नें त्यांच्यावर विशेषांक काढला, त्यामागें ह्या वहीची साक्ष होती.

तथापि वहीची ही साक्ष केव्हां मिळाली, हेंही पाहावें. १९६० सालीं डे ह्यांस विष शुद्ध करण्यासाठीं यंत्रें हवीं होतीं, तेव्हां वहीचें पहिलें पानही लिहिलें गेलें नव्हतें. १९६३ सालीं कोणी ती उघडली असती तर तींत त्यांच्या नांवावर जुजबीच नोंद सांपडली असती. आणि आजच्यासारखा नियम असता तर, 'ह्यांच्या कामाचा प्रभाव अल्प', असा शेरा मारून अर्ज परत आला असता. उल्लेख हें पीक आहे, तें हंगामानंतर मोजतां येतें. बियाणें कोणास द्यावें हें पिकावरून ठरवूं म्हटलें तर पेरणी व्हावयाचीच नाहीं. लीडन येथील व्हॅन रान ह्यानें २००४ मध्यें अशा उशिरां जागे होणाऱ्या लेखांना झोपलेल्या राजकन्येची उपमा दिली. उपमा गोड आहे. पण राजकन्या शंभर वर्षें झोपली तरी तरुणच राहते. संशोधक झोपत नाहीं; तो निवृत्त होतो.

सहकार्याची मोजणी तर याहून कठीण. कागदावर पाहिलें तर १९५९ च्या टिपणावर एकटे डे. १९५३ च्या लेखावर चॅटर्जी. १९६० च्या पुढील लेखावर घोष आणि सेन. परदेशी सहकारी म्हणावे तर त्याआधींचे एक कॅमेरन, तेही वेगळ्या विषयांत. आजच्या मापानें हा मनुष्य एकाकी ठरेल, कारण दूरदेशच्या नांवांची माळ जितकी लांब तितकें सहकार्य थोर असें मानण्याची रूढि आहे. आणि तरी कॅमेरनकडून शिकलेला 'पाणी कोठून जातें' हा प्रश्न १९५९ च्या टिपणाचा प्राण आहे. त्याचा उल्लेख कोणत्या सूचींत करणार? सशांची देखभाल करणारा, जंतूंचें अन्न शिजविणारा, रात्रीं दिवा विझला कीं नाहीं हें पाहणारा नोकर तर कोणत्याच पानावर नसतो. आमच्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनीं ह्या अडचणीवर तोडगा काढला तो असा: संयुक्त लेखाचे साठ टक्के गुण पहिला लेखक व मार्गदर्शक ह्यांनीं समान वांटून घ्यावे, उरलेले चाळीस बाकीच्यांनीं. वांटणीचा दिवाणी दावाही ह्याहून अधिक विचारानें निकालांत काढतात.

नांवांचा घोळ निराळाच. १९५३ सालींच कलकत्त्याच्या एच्. एन्. चॅटर्जी नांवाच्या दुसऱ्या एका डॉक्टरांनीं पटकीच्या रोग्यांना तोंडावाटे क्षारयुक्त पाणी दिल्याचा वृत्तांत 'लॅन्सेट'मध्यें छापला. त्यांचा व डे ह्यांच्या सहकाऱ्याचा संबंध आडनांवापुरता आहे. एकच शहर, एकच वर्ष, एकच रोग आणि आडनांवही एकच. घाईच्या खतावणींत दोघांचीं खातीं एक व्हावयास कितीसा वेळ? 'डे' हें दोन रोमन अक्षरांचें आडनांव युरोपांतील कित्येक आडनांवांचें उपपदही आहे. आणि दत्तांचे सहकारी डी. आर्. कुलकर्णी ह्यांच्याविषयीं तर बोलावयासच नको. महाराष्ट्रांत त्या आद्याक्षरांचे कुलकर्णी एका तालुक्यांतही पांचपन्नास निघतील.

आणखी एक गोष्ट. वही सर्व उल्लेख एका किंमतीचे धरते. आमच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष म्हणून ज्याचें मत मांडतात त्याचें नांव खंडन करण्यासाठींच घेतलेलें असतें. वहींत तोही एक उल्लेख, आणि ज्याच्यावांचून ग्रंथ उभाच राहिला नसता तोही एकच. ऑलिव्हर लॉरी ह्यानें तिघा सहकाऱ्यांसह १९५१ सालीं प्रथिनांचें प्रमाण मोजण्याची एक सोयीची रीत लिहिली. २०१४ सालच्या गणनेंत ह्या लेखाचे तीन लाखांवर उल्लेख भरले आणि तो जगांतील सर्व लेखांत पहिला आला. तो आपला थोर लेख नव्हे, हें लॉरी स्वतःच सांगत असे. उलट वॉटसन व क्रिक ह्यांचा १९५३ चा लेख पहिल्या शंभरांतही नाहीं. रीत सांगणाऱ्याचें नांव प्रत्येक प्रयोगाच्या वेळीं घ्यावें लागतें. सत्य सांगणाऱ्याचें नांव, तें सत्य सर्वांचें झालें कीं गळून पडतें. पटकीचें विष आंतड्यांत काम करतें हें आज वैद्यकीचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी लिहितो. त्याखालीं डे ह्यांचें नांव लिहिण्याची त्याला गरज वाटत नाहीं. हिर्श नांवाच्या पदार्थवैज्ञानिकानें २००५ मध्यें काढलेला अंक ह्याहून विलक्षण आहे. ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकीं निदान दहा उल्लेख मिळाले, त्याचा अंक दहा. आतां एखाद्यानें आयुष्यांत दोनच लेख लिहिले आणि त्या दोहोंनीं जगांतून एक रोग हद्दपार केला, तर त्याचा अंक दोन. त्याहून एकही अधिक नाहीं.

वहीला लेखी पुराव्याच्या पलीकडचें दिसत नाहीं, हा तिचा दोष म्हणावा तर माणसाची स्मृति तरी काय करते? फिलिप्पो पाचिनी ह्यानें फ्लॉरेन्स येथें १८५४ सालीं सूक्ष्मदर्शकाखालीं पटकीचा जंतू पाहिला, वर्णिला, छापला. तीस वर्षांनंतर श्रेय कॉखला गेलें, आणि जंतूच्या अधिकृत नांवापुढें पाचिनीचें नांव लागावयास १९६५ साल उजाडलें. डे ह्यांच्याच प्रयोगाची गोष्ट घ्या. सशाच्या आंतड्याचा तुकडा बांधून त्यांत पटकीचे जंतू सोडावे, ही रीत व्हिओल व क्रेंदिरोपूलो ह्या दोघांनीं डे ह्यांच्या आधीं अडतीस वर्षें फ्रेंच भाषेंत प्रसिद्ध केली होती. पॅरिसच्या जीवशास्त्र-मंडळाच्या इतिवृत्तांत ती छापलेली आहे. तिचें साल १९१५, म्हणजे डे ह्यांच्या जन्माचें.